जर्मनचं पदक

पहिलं पदक मी घेतलं ते केवळ त्याच्या वजनामुळे. शिकागोच्या पश्चिमेला आमच्या उपनगरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी नाण्यांचा बाजार भरतो. वीस-पंचवीस टेबलं, त्यांवर हिरवी कापडं आणि काचेच्या पेट्या. लहानपणी बाबांचं बोट धरून पुण्याच्या जुन्या बाजारात शिवराई धुंडाळत फिरलेली मी. असा बाजार दिसला की पाय आपोआप वळतात. एका टेबलाच्या कडेला पत्र्याचा डबा होता, त्यातली कुठलीही वस्तू पाच डॉलर. हात घालून मी एक राखाडी चकती उचलली. आपल्या जुन्या चांदीच्या रुपयापेक्षा चांगली मोठी. डोळ्यांनी वजनाचा अंदाज आधीच बांधलेला असतो, त्या अंदाजाने मी ती उचलली आणि हात एकदम वर गेला. चकतीला वजनच नव्हतं. एका बाजूला कोलंबसचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घुमटाची एक भव्य इमारत, आणि खाली १४९२-१८९२.

त्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली होती. संध्याकाळी तिने ओट्याशी उभं राहून चकती उलटसुलट केली, टिचकी मारून कानाशी नेली.

"अगं, हे जर्मनचं आहे. आपल्या भाताच्या पातेल्याचं. जर्मनचं पदक कुणी काढतं का?"

ॲल्युमिनियमला आमच्या घरात अजूनही जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. ज्याला तांब्या-पितळेचं परवडत नाही त्याच्या घरचा धातू. आईचा प्रश्न अगदी रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधता शोधता मी या छंदात शिरले. आता सहावं वर्ष चालू आहे.

उत्तर असं आहे. १८८६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांना, एकमेकांचा पत्ता नसताना, विजेच्या साहाय्याने ॲल्युमिनियम वेगळं काढण्याची एकच रीत सापडली. त्याआधी हा धातू मौल्यवान धातूंच्या पंक्तीत बसायचा. वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर १८८४ मध्ये शंभर औंस वजनाचं ॲल्युमिनियमचं शिखर बसवलं गेलं, ते त्याचा मान होता म्हणून. पुढच्या सात-आठ वर्षांत भाव कोसळला, पण नवलाई ओसरली नव्हती. १८९३ च्या शिकागोतल्या जत्रेत आलेल्या शेतकऱ्याने असा धातू कधी हातात धरलेलाच नव्हता. चांदीसारखा दिसणारा आणि पिसासारखा हलका! त्याचाही हात माझ्यासारखाच वर गेला असणार. आईच्या पातेल्याचा धातू तेव्हा उद्याच्या जगाचा नमुना होता.

ती जत्रा म्हणजे वर्ल्ड्स कोलंबियन एक्स्पोझिशन. कोलंबस अमेरिकेला पोहोचल्याला चारशे वर्षं झाली म्हणून भरवलेलं जागतिक प्रदर्शन. उद्घाटनाचा सोहळा ऑक्टोबर १८९२ मध्ये उरकून घेतला, पण दारं उघडली १ मे १८९३ ला आणि बंद झाली ३० ऑक्टोबरला. म्हणून पदकांवर कधी १८९२ दिसतं, कधी १८९३. सहा महिन्यांत पावणेतीन कोटींच्या आसपास लोक येऊन गेले. तिकीट पन्नास सेंट. मिशिगन सरोवराच्या काठी, जॅक्सन पार्कमध्ये, वास्तुकार डॅनियल बर्नहॅम यांच्या देखरेखीखाली पांढऱ्याशुभ्र महालांचं एक शहर उभं राहिलं होतं. लोक त्याला व्हाइट सिटीच म्हणत.

पण ते महाल दगडाचे नव्हते. आत लोखंड आणि लाकूड, वरून प्लास्टर आणि तागाच्या धाग्यांचं मिश्रण थापलेलं. आपल्याकडे गणपतीच्या मांडवासाठी राजवाड्याचा देखावा उभारतात, तसंच; फक्त मैलभर पसरलेलं. जुलै १८९४ मध्ये मोठी आग लागली आणि मुख्य इमारती जळून गेल्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या मोडून भंगारात गेल्या. हे कळलं त्या रात्री मी माझं पाच डॉलरचं पदक पुन्हा बाहेर काढलं. त्यावरची घुमटाची इमारत म्हणजे वास्तुकार रिचर्ड मॉरिस हंट यांची ॲडमिनिस्ट्रेशन बिल्डिंग. इमारत गेली, घुमट गेला, आणि भाताच्या पातेल्याच्या धातूवर त्याची एकेक कमान शाबूत होती. मग ठरवलं की कोलंबसच्या चेहऱ्यांच्या मागे धावायचं नाही. आपण इमारती गोळा करायच्या. प्रत्येक मोठ्या इमारतीचं एक पदक, मग ते कुठल्याही धातूचं असो. वहीत चौदा नावं लिहिली.

ठरवणं सोपं होतं. या एका प्रदर्शनासाठी कितीतरी कारखानदारांनी पदकं, टोकनं, बिल्ले पाडले. ॲल्युमिनियम, पितळ, कांसं, तांबं, कथलाचा पांढरा धातू, वरून सोन्याचा मुलामा दिलेले. काहींना रिबिनीत ओवायला कडी, काहींना घेणाऱ्याने घरी जाऊन खिळ्याने भोक पाडलेलं. चांदीच्या डॉलरच्या आकाराच्या अशा पदकांना इथले संग्राहक 'सो-कॉल्ड डॉलर' म्हणतात. हिब्लर आणि कॅपन या दोघांनी १९६३ मध्ये त्यांची यादी छापली, ३३ ते ४५ मिलिमीटर व्यासाची पदकं धरून. आजही विक्रेते त्या यादीतला क्रमांक सांगत 'एच.के. इतके इतके' असंच बोलतात; एच.के. ही त्या दोघांच्या नावांची आद्याक्षरं. पहिले चार-पाच महिने मी त्या आकड्यांना मान डोलवत राहिले आणि दोनदा चांगलीच फसले. एकदा चांदीचं म्हणून घेतलेलं पदक मुलामा दिलेलं तांबं निघालं. दुसऱ्यांदा घेतलेली वस्तू अस्सल पदकाचा साचा काढून ओतलेली नक्कल होती.

माझं खरं शिक्षण झालं ते एका आजोबांमुळे. पत्र्याचा डबा त्यांचाच. आयुष्यभर त्यांनी कारखान्यात ठसे कोरण्याचं आणि घासण्याचं काम केलं होतं, आणि निवृत्तीनंतर ते बाजारात टेबल लावत. माझी ओतीव नक्कल त्यांनी भिंगाखाली धरली आणि मला अक्षरांच्या पायाशी बघायला सांगितलं. ठशाखाली दाबून पाडलेल्या पदकात अक्षर जमिनीतून काटकोनात वर येतं, कडा धारदार असते. ओतलेल्यात ती कडा विरघळलेल्या साबणासारखी गोल होते आणि सपाट भागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. मग त्यांनी कड फिरवून दाखवली. साच्याचे दोन भाग जिथे जुळले होते, तिथे घासून पुसलेली रेघ होती. "डोळे फसतात," ते म्हणाले, "वजन आणि पाणी फसत नाही. आधी मोज."

पाण्याची रीत त्यांनी कागदाच्या पेल्यावर करून दाखवली, आणि आता ती माझ्या ओट्यावर दर वेळी होते. दागिन्यांचा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा लहान काटा घ्यायचा. आधी पदकाचं वजन करायचं. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेलं पदक पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं लोंबकळत धरायचं. आता काटा जो आकडा दाखवतो तो पदकाचं घनफळ. वजनाला त्याने भागलं की घनता. माझं पहिलं पदक भरलं ८.३ ग्रॅम, पाण्यातला आकडा ३.१, भागाकार २.७ च्या जवळ; शुद्ध ॲल्युमिनियम. एक पांढरट पदक भरलं २१.६ ग्रॅम, पाण्यात २.९. म्हणजे साडेसातच्या आसपास, कथील. आणि ते चांदीचं म्हणून घेतलेलं? २६ ग्रॅम आणि ३. चांदीचं असतं तर दहाच्या वर जायला हवं होतं, साडेआठाच्या थोडंसं पुढे येऊन थांबलं. हा हिशेब मी ते विकत घेण्यापूर्वी केला असता तर दीडशे डॉलर वाचले असते.

आवाजाचंही तसंच. खणखणीत नाणं हा शब्द मी आयुष्यभर वापरला, पण कानाने ऐकला इथे. चांदीचं पदक बोटाच्या टोकावर तोलून धरलं आणि दुसऱ्या नाण्याने हलकेच टिचकी दिली की नाद लांबत जातो. कथलाचं बद्द वाजतं. कथलाशी माझी ओळख जुनी: वाड्याच्या चौकात कल्हईवाला भाता लावून बसायचा, नवसागराचा धूर उठायचा आणि काळवंडलेलं पातेलं कापसाच्या एका फिरकीत चांदीसारखं व्हायचं. पांढऱ्या धातूची पदकं म्हणजे जवळजवळ ती कल्हईच, चकतीच्या आकारात. म्हणून ती मऊ. शंभर वर्षं ड्रॉवरमध्ये किल्ल्यांबरोबर पडून राहिलेल्या पदकाच्या कडेवर चेपा नसेल तर मी दोनदा तपासते.

याच घरगुती ज्ञानाने माझा घातही केला. प्रदर्शनात अमेरिकी सरकारची स्वतःची इमारत होती आणि तिच्यातल्या ट्रेझरीच्या दालनात टांकसाळीने एक यंत्र मांडलं होतं. लोकांच्या समोर त्यावर पितळी पदकं पाडली जात. आपल्या डोळ्यांदेखत ठशातून बाहेर आलेली वस्तू खिशात टाकून घरी न्यायची, याचं आकर्षण मी समजू शकते. तसं एक पदक मला मिळालं होतं. मधाच्या रंगाचं, खोलगट जागी तपकिरी झालेलं. दिवाळीच्या आदल्या शनिवारी समई, निरांजनं, तांब्या असं सगळं चिंच-मिठाने घासायला काढलं होतं आणि त्याच भरात मी ते पदकही घासलं. समई लखलखली. पदकही लखलखलं, पण त्याच्यावर गुलाबी चट्टे आले. आंबटाने पितळेतलं जस्त खाल्लं जातं आणि तांबं उघडं पडतं. शिवाय ठशाच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे पसरतो, तेव्हा त्याच्या अंगावर बारीक किरणांसारख्या रेषा उमटतात; पदक फिरवलं की उजेड त्या रेषांवरून चाकासारखा फिरतो. ती झळाळी एकदाच मिळते. मी ती पाच मिनिटांत घासून टाकली होती. आजोबांना दाखवलं तेव्हा त्यांनी भिंग लावलं, काढलं आणि काही न बोलता पदक माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. एकशे पंचवीस वर्षं ज्या ज्या हातांनी ते जपलं होतं त्या सगळ्यांची मी अपराधी आहे असं मला वाटलं, अजूनही वाटतं. ते पदक मी विकलं नाही. माझ्या तबकात पहिल्या खणात तेच आहे.

तेव्हापासून नियम एकच: घासायचं नाही. मऊ प्लास्टिकच्या जुन्या पाकिटांमुळे हिरवट चिकटा धरला असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवायचं, न पुसता वाळू द्यायचं आणि कडक, तेल न सोडणाऱ्या पाकिटात ठेवायचं. बाकी काळेपणा, डाग, भोक, सगळं तसंच.

नाण्यांबद्दलही सांगायला हवं, कारण सगळे सुरुवात तिथून करतात. अमेरिकेने स्मरणार्थ म्हणून पाडलेलं पहिलं नाणं याच प्रदर्शनाचं: चांदीचा अर्धा डॉलर, एका बाजूला कोलंबस, दुसऱ्या बाजूला सांता मारिया जहाज आणि खाली पृथ्वीचे दोन गोलार्ध. प्रदर्शनाला पैसा हवा होता, म्हणून पन्नास सेंटचं नाणं एक डॉलरला विकायचं असा बेत होता. पहिलंच नाणं रेमिंग्टन टंकलेखन यंत्रांच्या कंपनीने जाहिरातीसाठी दहा हजार डॉलरना घेतलं. पण १८९२ ची साडेनऊ लाख आणि १८९३ ची चाळीस लाखांहून जास्त नाणी खपणार कशी? पंचवीस लाख परत वितळवली आणि उरलेली पुष्कळशी दर्शनी किमतीलाच बाजारात सोडली. त्यामुळे ती आज स्वस्त मिळतात. साधारण झिजलेलं नाणं त्यातल्या चांदीच्या भावाहून थोडं वर जातं. नवख्या माणसाने पहिलं हेच घ्यावं असं मी सगळ्यांना सांगते. माझ्याकडे एक इतकं गुळगुळीत आहे की जहाजाची फक्त शिडं उरलीत. स्मृतिचिन्ह म्हणून घेतलेलं नाणं कुणावर तरी पुढे दूध-पाव आणायला खर्च करायची वेळ आली, आणि मग ते वीस-तीस वर्षं फिरत राहिलं.

त्याचं धाकटं भावंड मात्र महाग. प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष बर्था पामर यांनी स्त्रियांचं म्हणून वेगळं नाणं मागून घेतलं: स्पेनच्या इझाबेला राणीचा पाव डॉलर, मागे गुडघ्यावर बसून सूत कातणारी बाई. अमेरिकी नाण्यावर आलेली ही इतिहासातली पहिली खरी स्त्री. तेही एक डॉलरलाच विकलं. पण एका डॉलरला मोठं अर्ध्या डॉलरचं नाणं मिळत असताना पाव डॉलर कोण घेणार? शेवटी लोकांपर्यंत पोहोचली फक्त २४,२१४. मी दोन वर्षं पैसे बाजूला काढले आणि तिसऱ्या वर्षी घेतलं. नवऱ्याने किंमत विचारली नाही. मीच सांगितली.

आणि चपट्या सेंटची गोष्ट. सोनाराच्या पट्टी ओढायच्या यंत्रासारख्या दोन रुळांमधून एक सेंटचं नाणं दाबून लांबुळकं करायचं आणि रुळावरची अक्षरं त्यावर उमटवायची, हा प्रकार अमेरिकेत सुरू झाला तो याच जत्रेत. आता प्रत्येक प्राणिसंग्रहालयाच्या दारात त्याचं यंत्र असतं. नेटवरून घेतलेला एक सेंट मला फारच नवा वाटला. अक्षरं बरोबर: 'कोलंबियन एक्स्पोझिशन १८९३'. पाठ उजेडाला तिरपी धरली आणि दाबलेल्या धातूखालून मूळ नाण्याची पुसट नक्षी वर आली: दोन बाजूंनी गव्हाच्या लोंब्या. गव्हाच्या लोंब्या आल्या १९०९ मध्ये, लिंकनच्या सेंटवर! जत्रा संपून सोळा वर्षं झाल्यावर. विकणाऱ्याने पैसे परत केले, मला त्या लोंब्या ओळखता आल्या याचा आनंद त्याहून मोठा होता.

वहीतल्या चौदा नावांपैकी पहिली आठ दीड वर्षात मिळाली. यंत्रांचा महाल, विजेचा, मत्स्यालयाचा, वास्तुकार जेनी यांचा काचेच्या घुमटाचा उद्यानगृह-महाल. उद्योग आणि कलांची इमारत तर दोन तऱ्हांची मिळाली. १६८७ फूट लांब आणि ७८७ फूट रुंद असलेलं ते तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं छप्पर दीड इंचात बसवताना कोरणाऱ्याने कमानींची संख्या चक्क निम्मी केली आहे. मी जुनी छायाचित्रं लावून कमानी मोजल्या. एक-दोन पदकं तर अशी आहेत की त्यांवरची इमारत छायाचित्रातल्या इमारतीशी जुळतच नाही. १८९२ साल घातलेली ही पदकं महाल पुरा होण्याआधी नकाशावरून कोरली असणार असं माझं मत झालं आहे. अशा पदकांवर माझा जीव जास्त. प्रत्यक्षात न उभं राहिलेलं शहरही तिथे आहे.

फेरिस व्हीलचं पदक यादीत नव्हतं, कारण ती इमारत नव्हे. पण मागच्या बाजूला सगळी मापं कोरलेलं पदक समोर आल्यावर हात आवरला नाही. २६४ फूट उंच, ३६ डबे, एका डब्यात ६० माणसं. दोन फेऱ्यांचे पन्नास सेंट, म्हणजे प्रदर्शनाच्या तिकिटाएवढेच. आमच्या जत्रेतल्या पाळण्यासारखाच, फक्त अवाढव्य. हा मूळ पाळणा १९०४ मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात गेला आणि १९०६ मध्ये सुरुंग लावून पाडला.

अडकले ते स्त्रियांच्या इमारतीशी. तिची रचना सोफिया हेडन यांची. १८९० मध्ये एम.आय.टी.तून वास्तुकला शिकून बाहेर पडलेली ही पहिली मुलगी. विशीतली. तिला मिळाले एक हजार डॉलर. शेजारच्या महालांच्या पुरुष वास्तुकारांना कितीतरी पट जास्त. या इमारतीचं पदक मी तीन वेळा लिलावात हरले. चौथं मिळालं ते अदलाबदलीत, ओहायोतल्या एका बाईंकडून. त्यांना माझी कमी-कमानींची दोन्ही पदकं हवी होती. मी एक दिलं, त्यांनी होकार दिला. पदक आलं तेव्हा त्याला वर भोक होतं, आणि मागे हाताने, सुईने ओरखडून, 'नेली' असं नाव. विक्रेत्यांच्या भाषेत हे खराब पदक, किंमत निम्मी. मला विचाराल तर ते माझ्या सगळ्या संग्रहात सर्वांत पूर्ण पदक आहे. नेली त्या इमारतीत जाऊन आली होती.

नावांवरून आठवलं. प्रदर्शकांना दिलेलं बक्षिसाचं कांस्यपदक, तीन इंच व्यासाचं, हे या सगळ्यांतलं सर्वांत देखणं. दर्शनी बाजूला किनाऱ्यावर पाऊल ठेवणारा कोलंबस, शिल्पकार ऑगस्टस सेंट-गॉडन्स. मागची बाजूही त्यांनीच केली होती, पण त्यातल्या विवस्त्र मुलावरून गहजब झाला आणि ती बदलून टांकसाळीच्या चार्ल्स बार्बर यांची रचना घातली गेली. सेंट-गॉडन्स यांना ते फार लागलं. पदकं हातात पडायला १८९६ साल उजाडलं. पहिला, दुसरा, तिसरा असा भेद नव्हता, सगळ्यांना एकच पदक, आणि प्रत्येकावर मिळवणाऱ्याचं नाव. त्यासाठी ठशात नावाची पट्टी दर वेळी बदलत. माझ्याकडचं एका लहान गावातल्या बिस्किटं करणाऱ्याचं आहे. त्या गावच्या वाचनालयात मी पत्र पाठवलं, आणि त्यांनी दुकानाच्या जुन्या जाहिरातीची नक्कल उलट टपाली पाठवली. पदक ज्या ॲल्युमिनियमच्या डबीत आलं होतं ती डबीही शाबूत आहे.

गेल्या वर्षी आई पुन्हा आली. पंचाहत्तरी झाली तिची, पण चालायला खमकी. तबकातली दहा पदकं रुमालात बांधून मी तिला जॅक्सन पार्कमध्ये घेऊन गेले. ॲडमिनिस्ट्रेशन बिल्डिंग होती त्या जागी आता प्रजासत्ताकाचा सोनेरी पुतळा उभा आहे, १९१८ मध्ये बसवलेला. प्रदर्शनातल्या ६५ फुटी पुतळ्याची ही २४ फुटी आवृत्ती. त्याच्या पायाशी पाच डॉलरचं जर्मनचं पदक तिच्या हातात ठेवलं. तिने घुमटाकडे बघितलं, मग वर मोकळ्या आभाळाकडे. सरोवराच्या बाजूने चालत आम्ही कलामहालापर्यंत गेलो. प्रदर्शनाच्या मैदानावर मूळ जागी उभी असलेली ही एकच भव्य इमारत, कारण जगभरातून उसनी आणलेली चित्रं आगीपासून जपायची म्हणून तिच्या भिंती विटांच्या केल्या होत्या. आता तिथे विज्ञान आणि उद्योगांचं संग्रहालय आहे. वास्तुकार अटवूड यांच्या या इमारतीचं पदक समोर धरून खांब मोजता येतात, आणि ते जुळतात. आईने स्वतः मोजले.

दुसऱ्या दिवशी शहरात आर्ट इन्स्टिट्यूट. प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेली सर्वधर्म परिषद ११ सप्टेंबर १८९३ ला सुरू झाली ती याच वास्तूत, हे आईला माहीत होतंच. विवेकानंद मुंबईहूनच बोटीत बसले होते. पण त्याच व्यासपीठावर मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्म समाजाच्या वतीने बोलले होते, भारतातल्या समाजसुधारणेवर, हे तिने प्रथमच ऐकलं. पायऱ्यांवरच्या सिंहाशेजारी ती जरा टेकली.

"मग त्यांनी घरी काय नेलं असेल गं?" ती म्हणाली. "एवढ्या लांब आलेला माणूस. पोराबाळांना काहीतरी नेलं असेलच ना."

वजनाला हलकं, बोटीत ओझं न होणारं, चांदीसारखं चमकणारं आणि खिशाला परवडणारं. मी तिच्या पर्सकडे बोट दाखवलं. जर्मनचं पदक तिने कालपासून परत दिलंच नव्हतं.

ते ती पुण्याला घेऊन गेली. मीच दिलं, माझ्याकडे ॲडमिनिस्ट्रेशनचं दुसरं आहे. जायच्या आदल्या रात्री आम्ही तबक पुसून पदकं पुन्हा मांडत होतो. चौदा खण, तेरा भरलेले. वनसंपदेच्या इमारतीचा खण रिकामा. झाडाचे अखंड बुंधे खांब म्हणून लावलेली ती इमारत, तिचं मनासारखं पदक अजून माझ्या हाती लागलेलं नाही. आई उठून देवघरात गेली आणि येताना हातात सुपारी घेऊन आली.

"जागा मोकळी ठेवू नये," ती म्हणाली, आणि सुपारी त्या खणात बसवली. "मिळालं की काढ."

येत्या रविवारी बाजार आहे. सुपारी अजून तिथेच आहे.